तीन सुट्ट्या आणि एक दाखला



मे महिना लागला, की शाळेच्या फाटकाला कुलूप पडते. तुम्ही दप्तर खुंटीला अडकवता आणि म्हणता, "चला, आता दीड महिना अभ्यास नाही!" मीही तुमच्या वयाची असताना असेच म्हणत असे. सुट्टी कोणाला आवडत नाही? मला तर फार आवडत असे. परंतु त्याच सुट्ट्यांविषयी आज मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. आठवीनंतरची एक, नववीनंतरची एक आणि दहावीनंतरची एक, अशा तीन सुट्ट्या तुमच्या वाट्याला येतात. त्या कशा जातात, यावर पुढे कॉलेजच्या दारात तुमचे काय होणार, हे बरेचसे ठरते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. मी ते स्वतः अनुभवले आहे.

मी मालेगावची. नाशिक जिल्ह्यातले आमचे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. माझे अब्बा माग चालवत. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र मागांचा खडखडाट चाले. शुक्रवारी माग बंद असत, तेव्हा ती शांतता आम्हांला चमत्कारिक वाटे. घरी आम्ही उर्दू बोलत होतो, शाळा उर्दू माध्यमाची होती, दुकानदार आणि शेजारीही उर्दूच बोलत. मराठी आम्ही शाळेत आठवड्याचे काही तास ऐकत होतो. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे मी पाठ करी आणि परीक्षेत लिही. २००५ साली मी दहावी झाले, तेव्हा मराठीत मला शंभरपैकी एकाहत्तर गुण मिळाले होते. त्यामुळे आपल्याला मराठी येते, असा माझा पक्का समज होता.

मला विज्ञान शाखेत जायचे होते. अम्मीच्या आजारपणात मी दवाखान्यात अनेकदा गेले होते आणि तेथील परिचारिकांचे काम मी टक लावून पाहत असे. आपणही असेच काही शिकावे, असे मला वाटे. त्या काळी आमच्याकडे अकरावीचे प्रवेश कागदी अर्जावर होत. कॉलेजातून अर्ज आणायचा, भरून द्यायचा आणि यादी लागण्याची वाट पाहायची. यादी लागली. इतर मागासवर्गासाठी राखीव असलेल्या जागांमध्ये माझे नाव होते! आमच्या बिरादरीची नोंद त्या वर्गात आहे. मी धावतच घरी आले. अब्बांनी दुसऱ्या दिवशी कामावर खाडा केला आणि आम्ही दोघे कॉलेजात गेलो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, हे मला माहीत होते.

खिडकीपाशी लांब रांग होती. आमची पाळी आली, तेव्हा आतल्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारले, "दाखला कुठे आहे?"

अब्बा हसून म्हणाले, "जी, दाखिले के लिए ही तो आए हैं."

मागच्या रांगेत कोणी तरी हसले. ते गृहस्थ पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, "अहो, दाखला! जातीचा दाखला!" अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मीही गोंधळले. आपण दाखिला घ्यायला आलो आहोत आणि हे आपल्याकडेच दाखिला का मागत आहेत, हे मला समजेना.

तुमच्या लक्षात आले ना? उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. एका वेलांटीचा फरक, पण त्या खिडकीपाशी तो मला ठाऊक नव्हता.

त्यांनी भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवले आणि पुढच्या मुलाला बोलावले. सूचना मराठीत होती. मुदतीत मूळ कागदपत्रे सादर न केल्यास प्रवेश रद्द समजण्यात येईल, असा तिचा मजकूर होता. मी एकेक अक्षर वाचले. वाचता सगळे आले, परंतु त्यातला 'रद्द' एवढाच शब्द ओळखीचा वाटला. 'मुदतीत' म्हणजे काय? 'सादर' म्हणजे काय? 'मुद्दत' हा शब्द मी घरी ऐकला होता. एखादा नातेवाईक फार दिवसांनी आला, की अम्मी म्हणे, "मुद्दत के बाद आए!" म्हणून मला वाटले, की आपल्याजवळ भरपूर वेळ आहे.

अब्बांनी विचारले, "क्या लिखा है, बेटा?"

मी म्हणाले, "कुछ नहीं अब्बा, काग़ज़ लाने को कहा है."

मित्रांनो, ते उत्तर मला आजही आठवते. मला समजले नाही, असे मी सांगायला हवे होते. रांगेतल्या कोणालाही विचारायला हवे होते. पण एकाहत्तर गुण मिळवणाऱ्या मुलीला तसे म्हणण्याची लाज वाटली.

मुदत होती तीन दिवसांची. जातीचा दाखला आमच्याकडे नव्हताच. तो कोठे मिळतो, हेही आम्हांला माहीत नव्हते. विचारपूस केली, तेव्हा कळले, की तो उपविभागीय अधिकारी देतात, ज्यांना लोक प्रांत साहेब म्हणतात. तेथे गेलो, तर कळले, की इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे माझा किंवा अब्बांचा कागद पुरेसा नव्हता, दादांचा हवा होता. दादा लहानपणी दोन-तीन वर्षे शाळेत गेले होते. त्या शाळेचे जुने रजिस्टर शोधावे लागले. त्यात दादांचे नाव उर्दूत लिहिलेले होते. त्याचा उतारा काढायचा, तो मराठीत करून घ्यायचा, प्रतिज्ञापत्र करायचे, अर्ज द्यायचा, असे एकामागून एक करता करता पावसाळा लागला. दाखला हाती आला, तेव्हा विज्ञानाच्या वर्गातील सर्व जागा भरल्या होत्या. खुल्या जागेसाठी माझे गुण कमी पडत होते. मी कला शाखेत प्रवेश घेतला.

यात मी कोणाला दोष देत नाही. खिडकीतले गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्यासमोर शंभर मुले उभी होती. आमच्या शाळेने आम्हांला मन लावून शिकवले होते. चूक एवढीच होती, की जे काम दोन वर्षे आधी सावकाश करता आले असते, ते आम्ही तीन दिवसांत करायला निघालो होतो. त्या दोन वर्षांतल्या दोन लांब सुट्ट्या मी दुपारी झोपण्यात आणि संध्याकाळी गच्चीवर गप्पा मारण्यात घालवल्या होत्या.

पुढे मी हट्टाने बी.ए.ला मराठी हाच विषय घेतला. ज्या भाषेने मला खिडकीपाशी अडवले, ती नीट शिकायचीच, असे मी ठरवले होते. मग बी.एड. केले आणि आज मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. हे काम मला आवडते. मात्र ही वाट मी निवडली नव्हती, एवढी एकच उरली होती. तुम्हांला वाट निवडता यावी, म्हणून मी हे लिहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, "टीचर, आम्हांला सुट्टी असते कोठे?" हेही खरे आहे. तुमच्यापैकी कोणी सुट्टीत कांड्या भरायला बसतो, कोणी दुकानावर वडिलांना मदत करतो, कोणी घरी शिवणकाम करते, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळते. लग्नसराई असते. नानीच्या गावी जायचे असते. ते सगळे करा. मी तुमच्याकडे रोजचा फक्त एक तास मागते. फज्रच्या नमाजनंतरचा तास घ्या. त्या वेळी हवा गार असते, डोके ताजे असते आणि घरात गडबड नसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, दुपारी पुस्तक हातात धरवत नाही. रोज एक तास धरला, तर सहा आठवड्यांत चाळीस तास होतात. चाळीस तासांत पुष्कळ काम होते.

पहिली सुट्टी आठवीनंतरची. ती भाषेसाठी ठेवा.

मराठी शिकायला आपल्याजवळ एक मोठे भांडवल आहे. शेकडो अरबी-फारसी शब्द मराठीत शतकानुशतके नांदत आहेत. कागद, तारीख, मालक, वारस, हजर, गैरहजर हे शब्द तुम्ही घरी वापरता तसेच मराठी माणूसही वापरतो. त्यामुळे सरकारी कागद तुम्हांला वाटतो तितका परका नसतो. पण काही शब्द वेश तोच ठेवून अर्थ बदलतात. त्यांच्यापासून सावध राहायला हवे. दाखला आणि मुदत हे दोन तुम्ही पाहिलेच. आणखी पाहा. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी, तर मराठीत 'दप्तर' म्हणजे तुमची शाळेची पिशवी किंवा कागदपत्रांचा संग्रह. उर्दूत 'सिक्का' म्हणजे नाणे, तर मराठीत 'शिक्का' म्हणजे कागदावर उमटवलेला ठसा. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, तर मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. 'हरकत असल्यास कळवावे' असे लिहिलेले असेल, तर ते तुम्हांला हलायला सांगत नाहीत! उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी, मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे.

एक वही करा आणि असे शब्द सापडतील तसे लिहीत जा. ते शोधायला लांब जावे लागत नाही. घरातले वीजबिल घ्या. शिधापत्रिका घ्या. एस.टी. स्थानकावरच्या पाट्या वाचा. दवाखान्यातल्या सूचना वाचा. एखादा कोरा अर्ज आणा आणि पेन्सिलने भरून पाहा. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव', 'रहिवासाचा पत्ता', 'वार्षिक उत्पन्न', 'अर्जदाराची सही' हे शब्द एकदा हाताखालून गेले, की पुन्हा अडवत नाहीत. आठवड्यातून एकदा मराठी वर्तमानपत्रातील एक बातमी घरच्यांना उर्दूत सांगा. ज्याला एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगता येते, त्याला ते खरोखर समजलेले असते. पाठ केलेली उत्तरे परीक्षेच्या दालनातच राहतात, बाहेर फारशी उपयोगी पडत नाहीत.

दुसरी सुट्टी नववीनंतरची. ती कागदपत्रांसाठी आणि पाहणीसाठी ठेवा.

सर्वांत आधी आपले नाव तपासा. हे ऐकून तुम्हांला हसू येईल. आपले नाव आपल्याला ठाऊक नाही काय? पण जन्माचा दाखला, शाळेचे रजिस्टर, आधार कार्ड आणि शिधापत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहा. उर्दूतील एक नाव मराठीत आणि इंग्रजीत जाताना किती रूपे घेते, ते दिसेल. 'रिज़वाना' हे नाव मराठीत कोणी 'रिजवाना' लिहितो, कोणी 'रिझवाना'. इंग्रजीत कोठे झेड येतो, कोठे जे. कोठे 'शेख' आधी असते, कोठे शेवटी. जन्मतारखेचाही घोळ असतो. आपल्या दृष्टीने ते एकच नाव असते, परंतु कागद तपासणाऱ्याला त्या दोन व्यक्ती दिसतात. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी हा घोळ मिटवला पाहिजे. शाळेच्या रजिस्टरातील दुरुस्ती तुम्ही शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत करता येते. शाळा सोडल्यानंतर ती फार अवघड होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापले जाते, ते पुढे आयुष्यभर तुमच्याबरोबर चालते.

मग दाखले. जातीचा दाखला ज्यांना लागू असेल, त्यांनी नववीच्या सुट्टीतच त्याच्या मागे लागावे. जुना पुरावा शोधायला वेळ लागतो, हे तुम्ही वर वाचलेच. दादा-दादी, चाचा, फुफी यांच्याकडे बसा आणि विचारा, की कोण कोणत्या शाळेत होते, घराचा जुना कागद कोठे आहे. या निमित्ताने आपल्या घराण्याच्या कितीतरी गोष्टी ऐकायला मिळतात. माझे दादा ज्या शाळेत गेले होते, तिच्या रजिस्टरात त्यांच्या वडिलांच्या नावापुढे 'बुनकर' असे लिहिलेले होते. उर्दूत लिहिलेला तो एक शब्दच आमचा पुरावा ठरला. अधिवासाचा दाखलाही याच सुट्टीत काढता येतो. उत्पन्नाचा दाखला मात्र ठरावीक काळापुरताच चालतो, म्हणून तो प्रवेशाच्या वर्षी काढावा. हे अर्ज आता सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात करता येतात. तेथे वडिलांबरोबर किंवा आईबरोबर तुम्ही स्वतः जा आणि अर्ज स्वतः वाचा. सरकारी कार्यालयांना २०२० पासून शनिवार-रविवार सुट्टी असते. आमच्या मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, की शुक्रवारी सकाळी जा, म्हणजे अब्बांची मजुरी बुडणार नाही आणि जुम्म्याच्या नमाजपूर्वी परतही येता येईल.

याच सुट्टीत थोडी पाहणी करा. दहावीनंतर अकरावी ही एकच वाट नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक किंवा दोन वर्षांत विजेचे, यंत्राचे, शिवणाचे असे कितीतरी व्यवसाय शिकता येतात. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका मिळते आणि ती झाल्यावर अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. ज्यांना शिक्षक व्हायचे आहे, त्यांना बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापक पदविका आहे. आपल्या गावातील अशा संस्थांत एकदा जाऊन या. फाटकातून आत जा, सूचनाफलक वाचा, तेथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी बोला. घरापासून तेथे कसे जायचे, बसभाडे किती, फी किती, हे लिहून आणा.

मुलींना येथे मला वेगळे सांगायचे आहे. दहावीचा निकाल लागला, की घरात पहिला प्रश्न येतो, "आता पुढे काय?" आपले उत्तर तयार नसले, तर ते दुसरे कोणी तरी देऊन टाकते. म्हणून एक वर्ष आधी, शांतपणे, अम्मी-अब्बांपुढे सगळी माहिती ठेवा. कोणते कॉलेज, किती अंतर, किती वाजता सुटते, बरोबर कोण आहे. आईवडिलांना काळजी असते ती न पाहिलेल्या गोष्टींची. माहिती समोर आली, की बोलणे सोपे होते. शक्य असेल, तर अम्मीलाच ते कॉलेज दाखवून आणा.

तिसरी सुट्टी दहावीनंतरची. ती परीक्षेनंतर लगेच सुरू होते, म्हणून सर्वांत लांब असते. पण तिच्यावर फार विसंबू नका. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला आणि त्याच महिन्यात प्रवेशाची गडबड सुरू झाली. त्याच वर्षापासून राज्यभर अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्या वर्षी अर्जात किमान एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांची पसंती क्रमाने द्यायची होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागे. म्हणजे पहिले नाव सहज म्हणून लिहायचे नसते. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. म्हणून आपल्या वर्षाची सूचना आपण स्वतः वाचावी. ज्यांनी आधीच्या सुट्टीत कॉलेजे पाहिली आहेत आणि दाखले काढले आहेत, त्यांना हा अर्ज भरायला एक दुपार पुरते.

मग या सुट्टीत करायचे काय? विज्ञान शाखेत जाणाऱ्यांनी इंग्रजीची तयारी करायची. आपण दहावीपर्यंत विज्ञान उर्दूतून शिकतो. अकरावीत तेच विज्ञान इंग्रजीतून समोर येते आणि हुशार मुलेही पहिल्या महिन्यात घाबरतात. 'जौहर' म्हणजे काय, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो 'अ‍ॅटम' ऐकून गप्प बसतो. 'कसाफत' समजलेली असते, 'डेन्सिटी' समजत नाही. 'ज़ियाई तालीफ'ची आकृती डोळे मिटून काढणारी मुलगी 'फोटोसिंथेसिस' या शब्दापाशी अडखळते.

माझ्या एका विद्यार्थिनीने २०२५ च्या सुट्टीत यासाठी तीन रकान्यांची वही केली होती. उजवीकडच्या रकान्यात उर्दू, मधल्या रकान्यात मराठी आणि डावीकडे इंग्रजी. खलिया, पेशी, सेल. इसरा, त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. दिवसभर ती घरी शिवणकाम करी आणि सकाळी एक तास वही लिही. तिने चारशेहून अधिक शब्द जमवले. तिचे दाखले आधीच तयार होते. तिला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. ती पेढे घेऊन आली, तेव्हा मला किती आनंद झाला, हे मी सांगायला नको.

पण गोष्ट येथे संपली नाही. पहिल्या चाचणीत ती भौतिकशास्त्रात नापास झाली. ती माझ्याकडे आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "टीचर, शब्द सगळे कळतात, पण वाक्य कळत नाही."

मला माझी चूक समजली. खिडकीपाशी मलाही सगळी अक्षरे वाचता आली होती, अर्थ तेवढा कळला नव्हता. तरी मी तिला नुसते शब्द गोळा करायला सांगितले होते. मग आम्ही दुसरा उपाय केला. बालभारती विज्ञानाचे एकच पुस्तक उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीतही काढते. धडे तेच, आकृत्या त्याच. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तिने नववी-दहावीचे उर्दू पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक शेजारी शेजारी उघडले. उर्दूतला एक परिच्छेद वाचायचा, मग तोच इंग्रजीत वाचायचा आणि मग दोन्ही पुस्तके मिटून इंग्रजीत दोन वाक्ये स्वतः लिहायची. आशय आधीच माहीत असल्याने वाक्याची ठेवण हळूहळू कळू लागते. दिवाळीनंतरच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. गुण फार नव्हते, पण ती टिकली. हे काम आपण सुट्टीतच केले असते, तर पहिल्या चाचणीचे रडणे वाचले असते, असे ती मला म्हणाली. तेव्हापासून मी मुलांना शब्दांच्या वहीबरोबर दोन पुस्तके घेऊनच बसायला सांगते. कला किंवा वाणिज्य शाखेत जाणाऱ्यांनीही असेच करावे. त्यांनी अर्थशास्त्राची, इतिहासाची पाने अशीच जोडीने वाचावीत.

तिन्ही सुट्ट्यांत खेळही खेळा, कैऱ्याही खा, गच्चीवर झोपून तारेही पाहा. सुट्टी म्हणजे शाळेचे दुसरे नाव नव्हे. तासभर काम झाले, की वही मिटा आणि निघा. दिवसाचा तो एक तास मात्र कोणाला देऊ नका.

शेवटी एक गोष्ट सांगते. मला शिक्षिकेची नोकरी लागली, त्या संध्याकाळी मी अब्बांजवळ बसले होते. इतकी वर्षे मनात ठेवलेले मी त्यांना सांगून टाकले. म्हणाले, "अब्बा, त्या दिवशी भिंतीवर काय लिहिले होते, ते मला समजलेच नव्हते. मी तुमच्याशी खोटे बोलले." अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुझे मालूम था, बेटा. तेरा चेहरा देखा था मैंने." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मुझे पढ़ना आता तो मैं ख़ुद पढ़ लेता."

अब्बांनी मला दोष दिला नाही. तो दिवस त्यांनी स्वतःच्या खात्यावर मांडून ठेवला होता. पुढच्याच आठवड्यापासून मी त्यांना रोज रात्री मराठी वाचायला शिकवू लागले. आता त्यांची नजर अधू झाली आहे, तरी वीजबिल आले, की ते आधी चष्मा शोधतात आणि 'देय दिनांक' मोठ्याने वाचून दाखवतात.

तुमच्याही घरी असा कोणी तरी असेल, जो कागद हातात घेऊन तुमच्याकडे पाहतो आणि विचारतो, "क्या लिखा है, बेटा?" आज संध्याकाळी घरातील शिधापत्रिका काढा. तिच्यावरची ओळन् ओळ वाचा. तुमचे नाव बरोबर लिहिले आहे का, ते पाहा. जो शब्द समजणार नाही, तो वहीत उतरवा आणि उद्या आपल्या मराठीच्या शिक्षकांना विचारा. विचारताना लाजू नका. तुमच्या पहिल्या सुट्टीचे काम तेवढ्याने सुरू होईल.